एक्सरेबाईंचे हलते फोटो

मांडवीत त्यांना सगळे एक्सरेबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट पहिल्या दिवशी मी काकू म्हटलं तर त्यांनी मला दारातच थांबवलं.

"काकू कशाला? मी कुणाच्या काकाची बायको नाही. मावशी म्हणशील तर तुझी आई माझी बहीण होते, आणि तिला मी ओळखत नाही. बाई म्हण."

मी बाई म्हणाले. माझी शाळा आठवीतच सुटली. त्यानंतर कुणाला बाई म्हणायची वेळ आली ती तिथे, त्या जांभ्याच्या घराच्या दारात, हातात कपड्यांची पिशवी घेऊन.

आता बाई मांडवीत नाहीत. गुडघे गेले तशी भाचीने त्यांना नाशिकला नेलं. मी रत्नागिरीतच आहे, भाट्याला, पूल ओलांडून पलीकडे. स्वतःचं मशीन आहे, ब्लाउज शिवते. मला मापं लिहायची सवय, माणसं लिहायची नाही. पण बाईंबद्दल मांडवीत जे बोलतात ते अर्धं थट्टेचं असतं, आणि उरलेलं अर्धं मला एकटीलाच माहीत आहे. ते माझ्याजवळ नुसतं पडून राहावं असं वाटत नाही.

बाई एका हॉस्पिटलात तेहतीस वर्षं एक्सरे काढत होत्या. जन्मभर त्यांनी माणसांना एकच गोष्ट सांगितली: श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. निवृत्त झाल्या तरी ते तोंडातून गेलं नव्हतं. गॅसवाला सिलिंडर उचलायला वाकला की आतून आवाज यायचा, "रोखा!" तो बिचारा अर्धवट वाकलेला तसाच राही. "हां, सोडा." एकदा शेजारच्या दोघीजणी नळावरून कडाकडा भांडत होत्या. बाई खिडकीत आल्या आणि ओरडल्या, "हलू नका!" दोघींनी खरंच श्वास रोखला. तेवढ्यात एकीची कळशी भरून वाहायला लागली आणि पाणी बंद करायच्या घाईत भांडण राहूनच गेलं.

हाती काहीही आलं की त्या उजेडाला धरून बघायच्या. घावन तव्यावरून काढलं की आधी खिडकीपाशी. "जाळी बरी पडली गो," असं म्हणून मग ताटात. विजेच्या बिलाचं पाकीट फोडायच्या आधी खिडकीपाशी. मी शिवलेला पहिला ब्लाउज त्यांना दाखवला, तर कापड, रंग, गळा काही बघितलं नाही. बाही उजेडाला धरली. "शिवण सरळ आहे. पण इथे दोरा दोनदा गेलाय. घाबरली होतीस काय?"

घाबरले होते. मी नेहमीच घाबरलेली असायचे. माझं गाव हिंगोलीकडे. दादा लोट्याला कंपनीत लागला, त्याच्या ओळखीने मला रत्नागिरीत एका टेलरिंगच्या दुकानात काम मिळालं, शाळेचे गणवेश शिवायचं. दादाची शिफ्ट, तो लोट्याला बाकीच्या पोरांबरोबर खोलीत राहायचा. मी इथे एकटी. रात्रीची कडी मी तीनदा बघायची. मालकाने "जरा इकडे ये" म्हटलं की मला आधी कामावरून काढलेलंच दिसायचं. आणि घाबरले की आवंढा गिळायची खोड. गिळायला काही नसलं तरी गिळायचं.

अशा माझ्यासारखीला त्या घरात खोली मिळाली, ज्या घरात गॅसवालासुद्धा आत यायला कां-कूं करायचा. कारण पडवीतली भिंत.

त्या भिंतीवर लाकडी चौकटीत बसवलेले सात फोटो होते. पहिल्या दिवशी मी बाईंच्या मागोमाग आत शिरले. समोर एका म्हातारीचा फोटो. पायरीवर बसून ती बांगडे साफ करत होती. हातात सुरी, सुरीखाली मासा, मागे मांजर पंजा उचलून. सगळं जिथल्या तिथे थिजलेलं. आणि तिचा पदर हलत होता. वाऱ्याने हलतो तसा, हळू. मी थांबले, वाटलं आता ती वर बघेल. ती बघेना. मांजर पंजा खाली ठेवीना. पदर तेवढा हलत राहिला. मला त्या हलण्याची भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर बाकीच्यांच्या न हलण्याची वाटली.

"चांगला झालाय ना?" बाई म्हणाल्या. "भ्यायलीस म्हणजे नीट बघितलंस."

ही त्यांची कला. जुने टॅबलेट दुरुस्तीच्या दुकानातून आणायच्या, सुताराकडून चौकट करून घ्यायच्या, मागून वायर भिंतीतून आत. करायच्या कशा ते त्यांनी मला सांगितलं, आणि मला समजावं म्हणून माझ्या भाषेत सांगितलं. कॅमेरा स्टँडवर ठेवून थोडा व्हिडिओ घ्यायचा. त्यातला एक क्षण घेऊन वरून अंथरायचा, जसं अखंड कापड. मग त्या कापडाला हवा तेवढाच झरोका कापायचा. झरोक्यातून खालचं हलतं दिसतं, बाकी सगळं झाकलेलं. "तू ठिगळ लावतेस ना, ते उलटं," त्या म्हणाल्या.

नियम दोन. एका फोटोत एकच गोष्ट हलणार. "दोन हलल्या की तो सिनेमा झाला. तो दुसऱ्यांनी करावा." आणि जे खरंच हललं होतं तेच हलणार. हा दुसरा नियम त्या काही केल्या मोडत नसत. एकदा एक गृहस्थ वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. मोबाइलमध्ये आजकाल पापणी मिटवून देतात, मान वळवून देतात, तसं मोठं करून द्या म्हणाले. बाईंनी फोटो उजेडाला धरला आणि परत दिला. "हे हललेले नाहीत. न हललेलं मी हलवत नाही." गृहस्थ म्हणाले, अहो, जिवंतपणी हलत होते की! "तेव्हा आणायचे होते," बाई म्हणाल्या. माणसं रागावून जायची. बाईंना त्याचा पत्ताही नसायचा.

लग्नाचं काम त्यांना एकदाच मिळालं. नवरा-नवरी हारांसकट खांबासारखी उभी, आणि मागे रांगेत नवरीची आत्या. सगळ्या फोटोत फक्त त्या आत्याची नथ हलत होती. नवरीचे वडील फोटो परत घेऊन आले. "बाई, पैसे आम्ही नवरा-नवरीचे दिले." बाई म्हणाल्या, "ती दोघं तुमच्याकडे बघून हसत होती. खरं रडू आत्याला येत होतं. ते दाबून धरलंय, म्हणून नथ हलतेय. नीट बघा." वडिलांनी बघितलं. फोटो घेऊन गेले. पुन्हा काम दिलं नाही, पण फोटोही परत आणला नाही.

दुसरी गोष्ट आळीतल्या एका बोटीवरच्याच्या बायकोची. नवरा आठ-आठ महिने समुद्रावर. तिला वाटलं, आपला हलता फोटो काढून त्याला पाठवावा. बाईंनी तिला बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, उभं केलं. ती फाटकाला हात लावून अगदी स्तब्ध, आणि मागे दोरीवर नवऱ्याचा धुतलेला शर्ट, तेवढा हलतोय. फोटो गेला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन. ती बाईंच्याच पडवीत बसली होती, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकला.

"बरी आहेस ना तू?"

"मला काय झालंय? इथे बसलेय चांगली."

"मग डोळा मीट की एकदा! रात्रभर बघतोय, शर्ट हलतोय नि तू डोळाच मिटत नाहीस!"

"अहो, फोटो आहे तो!"

"ते माहितेय मला. तू आधी डोळा मीट."

"मिटला."

"नक्की?"

बाई तिकडून मोठ्याने म्हणाल्या, "मिटला हो, मी साक्षीला आहे!" आणि मग मला हळूच म्हणाल्या, "बघितलंस? लग्नाला दहा वर्षं झाली. पहिल्यांदा धड बघितलं त्याने तिला."

माझी आणि त्यांची जवळीक झाली ती सांध्यामुळे. हलता भाग फिरून फिरून तोच येतो. जिथे तो संपतो आणि परत सुरू होतो तिथे सांधा असतो. तो दिसला तर फोटो वाया. मी राहायला आले त्या आठवड्यात बाईंनी मला माडाचा एक फोटो दाखवला. एकच झावळी हलत होती. मी सहज म्हणाले, "इथे उसवलंय." त्यांनी चष्मा वर केला. "कुठे?" मी बोट ठेवलं. झावळी खाली येताना एवढीशी, सुईच्या टोकाएवढी उडी मारत होती. बाईंनी तो फोटो भिंतीवरून काढला, तीन दिवस कॉम्प्युटरवर बसल्या आणि परत लावला. मग मला हाक मारली. "परीक्षक! या."

त्यानंतर नवा फोटो झाला की मला बोलावणं. आठवी सोडलेल्या पोरीला जन्मात कुणी परीक्षक म्हटलं नव्हतं. मी पडवीत बसायची, फोटोकडे टक लावायची, मनात आकडे मोजायची. सांधा सापडला की बाई गप्प. नाही सापडला की आतून फणसाचे तळलेले गरे बाहेर यायचे. मी खरं तेच सांगायची. गऱ्यांसाठीही खोटं बोलले नाही, एवढं लिहून ठेवते.

बाईंची एक गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. लोक येऊन विचारायचे, बाई, तुम्ही एवढ्या वर्षांच्या, माझा हा रिपोर्ट बघता का जरा? बाईंचा चेहरा दगड व्हायचा. "मी फक्त काढायचे. वाचणारा दुसरा. डॉक्टर सांगतील." एकदा शेजारची म्हातारी रडकुंडीला येऊन म्हणाली, तुला दिसतं ना गो सगळं, एक शब्द सांग. तिलाही तेच. "डॉक्टर सांगतील." दार लोटून घेतलं. मला ते कठोर वाटलं. ज्या बाईला आत्याच्या नथेतलं रडू दिसतं, तिला म्हातारीचं कसं दिसत नाही?

मग एका रविवारी त्यांनी माझा फोटो काढायचं ठरवलं. मी खिडकीत बसून सुईत दोरा ओवते आहे आणि दोऱ्याचं टोक तेवढं हलतंय, असा. सोपं वाटलं होतं. पण कॅमेरा लागला की मला घाबरायला होतं आणि घाबरले की मी गिळते.

"गिळू नको गो!"

"बाई, ते आपोआप होतं."

"गळ्यावर झाकण टाकीन मी, पण हनुवटी हलते तुझी. परत. रोखा."

सहा-सात वेळा झालं. मग त्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसल्या. मी वाट बघत होते की आता ओरडतील. त्या बराच वेळ तोच तुकडा मागे-पुढे करत राहिल्या. मग पाठ न वळवता म्हणाल्या, "ऊठ. झालं."

त्या आठवड्यात बाईंचं काहीतरी बिनसलं. आमटीत मीठ नाही. गॅसवाला आला तर रोखाही नाही, सोडाही नाही, तोच दारात थबकून बघत राहिला. माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता जरा खाली बघायच्या. आणि भलतंच विचारायच्या. "थकतेस काय गो हल्ली?" "आवाज बसतो?" "घास अडकतो काय?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणायची आणि गिळायची. माझ्या मनाने घेतलं की यांना खोली रिकामी करून हवी आहे आणि सांगता येत नाही. कोण जास्त खातं, कोण आजारी पडेल, याचा हिशेब चाललाय. मी जेवण कमी केलं. त्यावर त्या आणखीच माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी सकाळी हाक आली. "परीक्षक. नवा लावलाय." आवाज नेहमीचा नव्हता. मी पडवीत गेले तर बाई तिथे नव्हत्या. आत नारळ खवत होत्या, त्याचा आवाज येत होता.

भिंतीवर मी होते. खिडकी, सुई, वर धरलेला हात. दोऱ्याचं टोक हलत नव्हतं. पडदा हलत नव्हता. डोळे उघडे, थिजलेले. आणि गळा हलत होता. गळ्यात डाव्या बाजूला काहीतरी वर चढायचं, थांबायचं, खाली यायचं. परत चढायचं. बाकी मी मेल्यासारखी, आणि गळ्यात कुणीतरी एकटंच जिवंत.

मी सवयीने सांधा शोधायला लागले. सापडेना. बाईंनी इतकं सफाईदार काम आजवर केलं नव्हतं. मी गिळलं. फोटोतलीनेही गिळलं. 

आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, कोकणात करणी करतात. बाहुली करतात, लिंबात सुया टोचतात, केस पुरतात. दादा नोकरीला निघाला तेव्हा आईने त्याच्या दंडाला दोरा बांधला होता, मलाही. मला आठ महिन्यांत इथे एकही तसलं माणूस दिसलं नव्हतं, पण ऐकलेलं कुठे जात नाही. बाहुलीच्या जागी चौकट, सुईच्या जागी वायर. मी न्हाणीत जाऊन आईला फोन लावला.

"आई, बाईनं माझा फोटो भिंतीत डांबलाय. तो गिळतोय."

"काय गिळायलाय?"

"काहीच नाही. नुस्ता गिळायलाय. थांबत नाही."

आई म्हणाली, "सांगितलं व्हतं की नाय मी? आत्ताच्या आत्ता नीघ तिथून. फणीतले केस ऱ्हायले असतील तर तेवढे घेऊन नीघ. दादाकडं जा."

मी फणी पिशवीत घातली, केसांसकट. कपडे कोंबले. बाहेर आले तर बाई पायरीवर उभ्या, हात नारळाने ओले.

"कुठे निघालीस गो?"

"लोट्याला. दादाकडं."

"बघितलास फोटो?"

"बघितला." आणि मग मला रडूच आलं. "बाई, मी तुमचं काय वाईट केलं? खोली पाहिजे तर घ्या. माझं खाणं जास्त होतं म्हणावं तर मी कमीच जेवत होते. पण तो बंद करा. माझ्यावर काही करू नका."

बाईंना काही समजेना. पिशवीकडे बघितलं, माझ्या दंडाच्या दोऱ्याकडे बघितलं. मग समजलं. मला वाटलं हसतील. त्या पायरीवर मट्‌कन खाली बसल्या.

"अगो, करणी नाही ती," त्या म्हणाल्या. "गाठ आहे."

मला शब्द ऐकू आला, अर्थ आला नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं. पदराला हात पुसले, माझी बोटं धरली आणि माझ्याच गळ्यावर ठेवली. "गिळ." मी गिळलं. बोटाखालून सुपारीएवढं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. हे रोज माझ्या अंगात होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

"न हललेलं मी हलवते काय कधी?" त्या म्हणाल्या. "रविवारी तुकडा बघितला नि दिसलं. आठ दिवस तोंडाशी येतंय, बाहेर पडत नाही. तेहतीस वर्षं दिसायचं, पण सांगायचं नव्हतं. काचेवर सावली दिसली की मी पुढच्याला हाक मारायचे. माणूस विचारायचा, बाई, ठीक आहे ना? डॉक्टर सांगतील. तोंडाला सवयच ती. मग म्हटलं बोलता येत नाही तर दाखवते. तू सांधा शोधशील, शोधता शोधता तुला दिसेल. मला काय माहीत तू फणी घेऊन पळशील!"

"बाई, वाईट आहे का?"

त्यांचं तोंड उघडलं. मला ते शब्द येताना दिसले, ते ठरलेले. पण त्या थांबल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. बहुतेक साध्या असतात. उद्या जाऊ. मी येते."

आणि आल्या. सोनोग्राफी झाली, मग सुईने गाठीतलं थोडं काढून तपासायला दिलं. सुई गळ्यात जाताना बाईंनी माझा पाय धरला होता, इतका घट्ट की सुईपेक्षा पाय दुखला. रिपोर्टला पाच दिवस लागतील म्हणाले.

ते पाच दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. जे घरापासून लांब एकटे राहिलेत त्यांना माहीत आहे. गणवेशाच्या बाह्या उलट्या जोडल्या, मालक काही बोलला नाही, त्यानेच जास्त भीती वाटली. मी मेले तर मला गावाला नेतील की इथेच, एवढ्यापर्यंत विचार गेला. तिसऱ्या दिवशी सुट्टी काढून दादा आला. आईने त्याला लिंबं देऊन पाठवायचंच बाकी ठेवलं होतं. तो पडवीत भिंतीकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, "हिला घेऊन जायला आलोय."

"रिपोर्ट परवा आहे. परवा ने," बाई म्हणाल्या. "आधी जेव."

दादा जेवला. बाईंनी त्याला तीनदा वाढलं, तिन्ही वेळा भातच, आमटी विसरल्या. तो कोरडा भात खाऊन उठला. जाताना बेड्यापाशी मला म्हणाला, "ऱ्हा इथंच. बाई येडी आहे, पण करणीवाली नाय. करणीवाले एवढे भीत नसतेत."

पाचव्या दिवशी आम्ही गेलो. माझा नंबर आला तेव्हा मी बाईंकडे बघितलं. त्या बाकावरून उठल्या नाहीत. "तू जा. मी आहे इथे." मी एकटी आत गेले. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि ज्या आवाजात पाऊस थांबला का विचारावं त्या आवाजात म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सर वगैरे काही नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा, वाढली तर बघू." मी विचारलं, "म्हणजे काही नाही?" ते म्हणाले, "काही नाही." मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. भला माणूस.

मी बाहेर आले. "बाई, साधी आहे. काही नाही म्हणाले."

"डॉक्टर स्वतः म्हणाले?"

"दोनदा म्हणाले."

बाई उठायला गेल्या आणि उठता येईना.  मी त्यांच्याजवळ बसले. मला वाटलं होतं की मी रडेन, पण मला नुसतं हलकं वाटत होतं, भूक लागली होती, आणि त्या रडत होत्या. बाक भरलेला होता, सगळे आपापले कागद घेऊन बसले होते, आमच्याकडे बघत होते. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. वाईट बातमी असेल असंच सगळ्यांना वाटलं असणार.

"तेहतीस वर्षं," बाई पाणी पिऊन म्हणाल्या, "मला वाटायचं, सांगायचं नाही म्हणजे वाईट सांगायचं नाही. आणि रोज कितीतरी प्लेटा साफ असायच्या गो. साफ, स्वच्छ. माणूस बाहेर असाच बाकावर जीव मुठीत धरून बसायचा, आणि मला आत माहीत असायचं की ह्याला काही झालेलं नाही. तरी डॉक्टर सांगतील."

"तुम्हाला परवानगी नव्हती ना, बाई."

"बोलायची नव्हती," त्या म्हणाल्या. "हसायला कुणी बंदी केली होती?"

 तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. सकाळपासून तिचा दहावा फोन असेल. मी उचलणार, तर बाईंचा हात पुढे आला.

"मी सांगू?"

मी फोन दिला. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पाठ ताठ केली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, मी हिची घरमालकीण बोलतेय, रत्नागिरीहून. तुमच्या मुलीचा रिपोर्ट साफ आहे."

पलीकडे आईचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. मग बाई म्हणाल्या, "होय, साफ. काही नाही. साधी गाठ." मग आईने फोन बापूंकडे, माझ्या वडिलांकडे, दिला असावा, कारण बाईंनी पहिल्यापासून सांगितलं, मी घरमालकीण इथपासून. मग आत्याला. मग चुलतीला. शेजारच्या कुणा बाईलाही दिला असेल, आमच्याकडे एक फोन म्हणजे सगळ्या गल्लीचा. प्रत्येकाला बाईंनी तेवढंच सांगितलं, एक शब्द कमी नाही. आणि दर वेळी 'साफ आहे' म्हणताना त्या हसत होत्या, तोंड भरून, मी कधी न बघितलेलं. बाकावरची माणसंही आता हसायला लागली होती.

पाचव्या की सहाव्या माणसाला सांगता सांगता बाई एकदम थांबल्या. फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगो," त्या म्हणाल्या, "ह्यांना मी दिसत नाही. ह्याला तो व्हिडिओ कुठे असतो?"